लाईन : एक शब्द, पुष्कळ कामे



या महिन्याच्या भित्तिपत्रकात मी एका शब्दाविषयी लिहिणार आहे. शब्द इंग्रजी आहे. पण आपल्या गावात तो इतका जुना झाला आहे की शाळेत कधी न गेलेली माझी आजीसुद्धा तो दिवसातून दहा वेळा बोलते. तो शब्द म्हणजे लाईन. इंग्रजीत त्याला चारच अक्षरे आहेत. एल, आय, एन, ई. बाईंनी फळ्यावर त्याचा अर्थ ‘रेषा’ असा लिहिला आणि विचारले, "हा शब्द तुम्ही घरी कशासाठी ऐकता?" तर वर्गात एकच गलका झाला. कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे पाणी, कुणी म्हणे आगगाडी. रेषा कुणीच म्हटले नाही. बाई म्हणाल्या, "मग घरी जाऊन गोळा करा." मी आठ दिवस गोळा केले. वहीची अडीच पाने भरली. त्यातले जे कामाचे वाटले ते इथे लिहिते.

आपल्याकडे लाईन म्हणजे सगळ्यात आधी वीज. "लाईन उनी का?" "नही, गयी." असे अहिराणीत रोज चालते. खरे म्हटले तर लाईन कुठेच जात नाही. तारा खांबांवर जागच्या जागी असतात. जाते ती वीज. पण आपण तारेचे नाव विजेला देऊन टाकले. तारा दुरुस्त करतो तो लाईनमन. वीज मंडळाचे २००५ साली भाग झाले आणि महावितरण कंपनी झाली, तरी आजी अजून ‘बोर्डाची लाईन’ असेच म्हणते.

भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जाळून वीज तयार करतात. वीज उंच मनोऱ्यांवरून लांब लांब जाते आणि मग कमी कमी होत गावाकडे येते. गावाबाहेरच्या मोठ्या खांबांवरच्या तारांना आप्पा ‘अकरा हजाराची लाईन’ म्हणतात. मला आधी वाटले की ती लाईन टाकायला अकरा हजार रुपये लागले असतील. तसे नाही, त्या तारांत ११,००० व्होल्ट असतात. डीपीपाशी ते कमी होतात आणि घरात २३० व्होल्ट येतात. मी भागाकार करून पाहिला. ११,००० म्हणजे २३० च्या जवळजवळ ४८ पट. आणि माणसाला धक्का बसून मरायला घरातली २३० सुद्धा पुरते, असे बाईंनी सांगितले.

आता जे लिहिते ते खरे घडलेले आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेतात मोटर चालता चालता बंद पडली. आप्पांना वाटले लाईन गेली. शेजारच्या शेतातले बापू बांधावर बसले होते. आप्पांनी त्यांना लांबूनच ओरडून विचारले, "बापू, लाईन बंद शे का?" बापू म्हणाले, "हा, बंद शे!" आप्पांनी पेटीचे झाकण उघडले आणि फ्यूज काढायला हात पुढे केला. तेवढ्यात आजी भाकरी घेऊन सावलीच्या बाजूने येत होती. पेटीवर तीन बारीक दिवे असतात. उन्हामुळे आणि धुळीमुळे ते आप्पांना दिसत नव्हते, आजीला दिसले. ती जोरात ओरडली, "थांब! दिवा पेटेल शे, हात नको लावू!" तीनपैकी दोन दिवे चालू होते. एक फेज गेला होता, म्हणून मोटर पडली होती. दोन फेज जिवंत होते.

बापू खोटे बोलले नव्हते. त्यांनी नुकताच पाण्याचा वॉल्व्ह फिरवला होता. बंद होती ती पाईपलाईन. आप्पांनी विचारली विजेची आणि बापूंनी सांगितली पाण्याची, आणि दोघांच्या तोंडात शब्द एकच.

आप्पा त्या दिवशी भाकरी न खाता नुसते पाणी प्यायले. तेव्हापासून आमच्या शेतात लाईन हा शब्द बोलायचा नाही असे ठरले आहे. वीज म्हणायचे किंवा पाणी म्हणायचे. आणि वीज बंद आहे हे दुसऱ्याकडून ऐकून चालायचे नाही, मेन स्विच आपल्या हाताने पाडायचा आणि दिवे पाहायचे. वादळात तार तुटून खाली पडली तर ‘लाईन गेलेली आहे’ म्हणून कुणी जवळ जाऊ नये. ती केव्हाही परत येते. खांबाच्या ताणाच्या तारेलाही म्हैस बांधू नये. तक्रारीसाठी १९१२ हा नंबर आहे. तो फुकट लागतो. पालकांनी लिहून घ्यावा.

दुसरी मोठी लाईन म्हणजे आगगाडीची. आपण धरणगाव तालुक्यातले, म्हणून आपल्याला ‘सुरत लाईन’ माहीत आहे. ती सुरतेकडून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असे करत जळगावला येते. तिथे मुंबईकडून चाळीसगाव, पाचोऱ्यावरून आलेली मोठी लाईन भेटते. पुढे भुसावळला पुन्हा दोन फाटे फुटतात, एक नागपूर लाईन आणि एक खंडवा लाईन. या बोलण्यात लाईन म्हणजे रूळ नव्हे, तर रस्ता, कोणती गावे लागतात ते. पण "लाईन ओलांडू नको" म्हणतात तेव्हा मात्र रूळच. भारतात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली. मोठ्या रुळांमधले अंतर १ मीटर ६७६ मिलिमीटर असते. पाचोरा ते जामनेर जी ‘पीजे’ गाडी होती तिच्या रुळांत फक्त अडीच फूट अंतर होते. ती २०२० पर्यंत धावत होती. माझे मामा म्हणतात, ती इतकी हळू जायची की माणसे चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढायची. मामा थोडे वाढवूनही सांगतात.

धुळ्याला चाळीसगावहून एक फाटा जातो आणि तिथेच संपतो. मनमाडहून धुळे, शिरपूरमार्गे इंदूरला जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या नव्या लाईनीला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. माझी मावशी धुळ्याला दिली आहे. ती म्हणते, "आमच्याकडे लाईन येणार, लाईन येणार, हे मी लग्नाआधीपासून ऐकते." तिच्या शेजारणीला वाटायचे की मावशी लोडशेडिंगबद्दल बोलते.

रेल्वेला जिथे एक जाण्याची आणि एक येण्याची असे दोन मार्ग असतात, त्याला डबल लाईन म्हणतात. एका लाईनीवर गाडी उभी असली तरी दुसरीवरून गाडी येऊ शकते. हे वाक्य सोपे आहे, पण ते विसरल्यामुळे आपल्या जिल्ह्यात फार वाईट घडले. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढून गाडी थांबली. लोक घाबरून खाली उतरले ते शेजारच्या लाईनीवर. समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. कमीत कमी १२ माणसे गेली. आग लागलेली नव्हती. आमच्या घरी बातमी लागली तेव्हा आजीने टीव्ही बंद करायला लावला. आपल्यापैकी जे रुळांपलीकडच्या वस्तीतून शाळेत येतात त्यांनी एक गाडी गेली की लगेच पळू नये, दुसऱ्या लाईनीकडे पाहावे, आणि फाटकातूनच यावे.

शेतात तर लाईनीच लाईनी असतात. विहिरीपासून जमिनीखालून जाते ती पाईपलाईन. ठिबकच्या बारीक काळ्या नळ्यांनाही लाईनच म्हणतात, आणि केळीची खोडे ज्या ओळीत लावतात तीही लाईन. केळी लावताना आप्पा आणि नाना दोन टोकांना दोरी धरतात. पाच बाय पाच फुटांवर एक खोड लावले तर एका एकरात किती खोडे बसतात, हा हिशोब आप्पांनी माझ्याकडून करून घेतला. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, भागिले २५, म्हणजे १,७४२ आणि थोडे उरतात. दोरी वाकडी धरली तर हा हिशोब कागदावरच राहतो.

बाकीचे अर्थ आता भराभर सांगते. रेशनच्या दुकानात, एसटीत चढताना आणि प्रार्थनेला लाईन लावतात. पोलीस राहतात ती घरे ओळीने बांधलेली असतात म्हणून पोलीस लाईन. "तुमचा मोठा कोणत्या लाईनला गेला?" म्हणजे सायन्स का आर्ट्स. "त्याला लाईनीवर आणा" म्हणजे सुधरवा. कबड्डीत मुले लाईन कापली म्हणून भांडतात, तिथे मध्यरेषा, निदान रेषा आणि बोनस रेषा असे तीन शब्द मराठीत आहेत, पण भांडताना कुणाला आठवत नाहीत. काश्मीरमध्ये आपल्या आणि पाकिस्तानच्या सैन्यामध्ये जी नियंत्रण रेषा आहे, तिला हे नाव १९७२ च्या सिमला कराराच्या वेळी मिळाले. मोठी मुले आणखी एक अर्थ वापरतात. तो लिहू नको असे बाईंनी सांगितले आहे.

फोनलाही लाईन होती. "लाईन कट झाली" असे आपण अजून म्हणतो, पण हातातल्या फोनला तारच नाही, मग कटते काय? आणि सगळ्यात नवी म्हणजे ऑनलाईन. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा माझा मोठा भाऊ ऑनलाईन शिकायचा आणि रेंजसाठी गच्चीवर बसायचा. मध्यंतरी आजीला सांगितले की तुझे कागद ऑनलाईन करायचे आहेत. तिने विचारले, "ती कोणती लाईन? बायांची वेगळी शे का?" आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रासमोर आजी सकाळी नऊपासून दोन वाजेपर्यंत लाईनीत उभी होती. बायांची वेगळी नव्हती.

आता हा शब्द आला कुठून ते सांगते. बाईंनी मोठ्या शब्दकोशात पाहून सांगितले. लॅटिन नावाच्या जुन्या भाषेत ‘लिनुम’ म्हणजे जवसाचे झाड. होय, आपलीच जवस, जिची आजी चटणी करते. जवसाच्या खोडापासून धागा निघतो. त्या धाग्याला, दोरीला ‘लिनेआ’ म्हणत. दोरी ताणली की सरळ रेघ होते. म्हणून रेघेला तेच नाव पडले. पुढे ते इंग्रजीत लाईन झाले. दुकानात लिनन नावाचे महाग कापड मिळते तेही जवसाच्याच धाग्याचे. म्हणजे विजेची लाईन, सुरत लाईन आणि चटणी यांचे मूळ एक आहे. हे ऐकून वर्ग बराच वेळ गप्प बसेना.

मला वाटले, असे फक्त इंग्रजीतच होते. पण आमच्या गल्लीत सुतारकाका आहेत. ते फळीवर रेघ मारायला रंगात बुडवलेले सूत ताणतात आणि टिचकी मारून सोडतात. फळीवर अगदी सरळ रेघ उमटते. सूत म्हणजे धागा. इंचाच्या आठव्या भागालाही ते सूतच म्हणतात. आणि गुरुजी चिडले की "सुतासारखा सरळ करीन" म्हणतात. म्हणजे मराठीतही धाग्यापासूनच सरळ रेघ आली. फक्त त्यांचे जवस होते आणि आपला कापूस.

एका गोष्टीत मात्र मराठी पुढे आहे असे माझे मत आहे. इंग्रजीत पुष्कळ गोष्टींना एकच लाईन. आपल्याकडे वहीत रेघ, पुस्तकात ओळ, माणसांची रांग, जेवायला बसली की पंगत, निंदायला बाया बसल्या की प्रत्येकीची पात, विजेची तार, आगगाडीचे रूळ. कोण उभे आहे आणि कोण बसले आहे हेसुद्धा शब्दावरूनच कळते. आप्पांनी त्या दिवशी "तारेत वीज आहे का?" असे विचारले असते तर बापू आधी खांबाकडे गेले असते.

माझ्या यादीत एकवीस अर्थ झाले आहेत. सगळे इथे मावले नाहीत. या लेखाच्या खाली एक कोरा कागद चिकटवला आहे. ज्यांना आणखी अर्थ माहीत असतील त्यांनी त्यावर लिहावे. पालकांनीही लिहावे, अहिराणीत लिहिले तरी चालेल. पेन्सिल दोरीने खिळ्याला बांधलेली आहे, कृपया ती सोडून नेऊ नये.

— इयत्ता ४ थी