आधी पाण्याची वाट शोधा

आमचं लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला. भीमाशंकरकडे धो धो पाऊस असतो तेव्हा इकडे नुसती भुरभुर. टँकरची वाट पाहिलेल्या गावात घराला ओल लागेल, असं माझ्या कधी मनातच आलं नाही. तिथेच मी चुकलो.

आजोबांचं घर दगडमातीचं. रुंद भिंती, चुन्याचा गिलावा, सारवलेली जमीन, वर माळवद. भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी हौसेनं आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर ऑइलपेंट दिला, खाली फरशी बसवली. अंगणात कोबा केला, तो जोत्याच्या वर आला आणि त्याचा उतार भिंतीकडे राहिला.

दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाला फुगे आले. एक फोडला तर आतून पांढरी भुकटी सांडली. लोणा लागला होता. मी खरवडलं, पुट्टी भरली, वॉटरप्रूफ रंग मारला. वर्षभरात ओल छातीपर्यंत चढली. एके दिवशी माजघरातलं कपाट पुढे ओढलं, तर मागे भिंतभर काळी-हिरवी बुरशी. आईचा लग्नातला शालू कुबट वासानं भरलेला, काठावर डाग. आई त्याच भिंतीशी झोपायची. तिचा खोकला हटत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, “घरात ओल आहे का?” ओल आणि बुरशीच्या घरात दमा आणि श्वासाचे त्रास वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 सालीच मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं आहे. मी मात्र रंगाच्या छटा निवडत बसलो होतो.

माती आणि चुना पाणी शोषतात, तसंच ते बाहेरही सोडतात. सिमेंट आणि ऑइलपेंटनं मी ती वाट बंद केली. जमिनीतलं पाणी मग भिंतीतच कोंडलं आणि वर चढत राहिलं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि फुगून गिलावा सोडवतात. तोच लोणा.

म्हणून सांगतो, रंगाच्या दुकानात जाण्याआधी पाणी कुठून येतं ते पाहा. पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन घराभोवती फिरा. पन्हळीचं पाणी कुठे पडतं, अंगणाचा उतार कुठे आहे, मोरीचा पाइप झिरपतो का, हे बघा. शंका असेल तिथे प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या कोंडलेल्या दमट हवेची.

आम्ही कोबा फोडून जोत्याखाली उतरवला, उतार बाहेर काढला, मोरीचा पाइप बदलला. सिमेंट सोलून भिंत उघडी ठेवली. जाड भिंत वाळायला महिने लागतात, घाई करू नका. वाळल्यावरच चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. मृगाआधी माळवदावरचं गवत काढून माती चोपायची. भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं टोचून बघा, ओल असेल तिथे वाळवी येते. भिंत फुगलेली दिसली, तर हात लावण्याआधी जाणकार इंजिनिअरला दाखवा.

बुरशी कोरड्या झाडूनं झाडू नका, ती घरभर उडते. खिडक्या उघडून, नाकातोंडाला मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा. ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. दम्याच्या माणसाला त्या खोलीत झोपवू नका.

आता भिंत कोरडी आहे, आईचा खोकलाही बराच कमी झाला. शालूवरचा डाग मात्र गेला नाही. घराला हात लावण्याआधी एक पावसाळा नुसतं पाणी पाहिलं असतं, तर तो पडलाच नसता.