बिस्मथ : विषारी कुळातील सौम्य धातू

आवर्तसारणीच्या पंधराव्या गणाकडे दृष्टी टाकली असता नत्र, फॉस्फरस, आर्सेनिक, अँटिमनी आणि बिस्मथ ही मूलद्रव्ये एकाखाली एक मांडलेली दिसतात. यांतील आर्सेनिक म्हणजे सोमलातील मूलद्रव्य. त्याची ख्याती विष म्हणूनच आहे. बिस्मथच्या डाव्या हातचा शेजारी शिसे. तेही शरीरात साठून बालकांच्या मेंदूस अपाय करते. मग अशा कुळातला बिस्मथ पोटाच्या औषधात कसा चालतो?

प्रथम या धातूची ओळख करून घेऊ. पूर्वी लोक बिस्मथ आणि शिसे यांत गल्लत करीत. १७५३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद जोफ्रुआ यांनी हा धातू शिशाहून भिन्न असल्याचे दाखवून दिले. त्याचा अणुक्रमांक ८३ असून तो गुलाबी छटेचा, ठिसूळ आणि पाण्याच्या सुमारे ९.८ पट जड असतो. तो अवघ्या २७१ अंश सेल्सिअसला वितळतो आणि गोठताना पाण्याप्रमाणेच प्रसरण पावतो. बिस्मथ, शिसे, कथील व कॅडमियम यांची 'वुड धातू' ही मिश्रधातू सुमारे ७० अंशांस, म्हणजे उकळत्या पाण्याच्या आतच वितळते. आग लागताच आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रांत अशाच लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूंची खीळ बसवितात.

२००३ साली फ्रान्समधील संशोधकांना असे आढळले की, स्थिर समजला जाणारा बिस्मथ वस्तुतः अतिमंद किरणोत्सारी आहे. मात्र त्याचे अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या शंभर कोटी पटींहूनही अधिक असल्याने त्यापासून भय नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बिस्मथ क्लोराइडचे आम्लयुक्त द्रावण भरपूर पाण्यात ओतले की पांढरा साका तयार होतो. हा बिस्मथ ऑक्सिक्लोराइड होय. मोत्यासारख्या चकाकीमुळे तो सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. या प्रयोगातच उत्तराचे बीज आहे. बिस्मथची बहुतेक संयुगे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत; म्हणून ती आतड्यातून रक्तात फारच थोडी शिरतात. बिस्मथ सबसॅलिसिलेट अपचन व अतिसारावर देतात, तर जठरव्रणास कारण होणाऱ्या जंतूंवर बिस्मथची संयुगे प्रतिजैविकांच्या जोडीने देतात. या औषधाने जीभ काळी पडते, ती गंधकाशी संयोग होऊन बनलेल्या काळ्या सल्फाइडमुळे. तो रंग निरुपद्रवी असतो.

तथापि सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. १९७० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये बिस्मथचे क्षार महिनोन्महिने घेणाऱ्या शेकडो रुग्णांना भ्रम, कंप व चालताना तोल जाणे असे विकार जडले आणि काही दगावलेही. औषध थांबविल्यावर बहुतेक रुग्ण बरे झाले. अतिरेकाने मूत्रपिंडांसही इजा होते.

विद्यार्थी मित्रहो, यावरून एवढे ध्यानात ठेवावे की, पदार्थाचे विष वा औषध होणे केवळ त्याच्या कुळावरून ठरत नाही. त्याची विद्राव्यता, मात्रा आणि सेवनाचा काळ या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. म्हणूनच साध्या वाटणाऱ्या औषधाचीही मात्रा वैद्यांना विचारल्यावाचून वाढवू नये.