दप्तरांची झडती

वर्गांत एकाची लेखणी हरवली, तर शिक्षकांनीं सर्व मुलांचीं दप्तरें उपसावीं काय? लेखणी कदाचित् सांपडेल. परंतु चाळीस निरपराध मुलांवर संशयाची छाया पडेल, तिचें काय? हाच प्रश्न राज्यकारभारांत उद्भवतो, तेव्हां त्यास फार महत्त्व येतें.

इ. स. १७६२ मध्यें इंग्लंडांत जॉन एंटिक नांवाच्या लेखकाच्या घरांत, मंत्र्याच्या हुकुमावरून, राजाचे दूत शिरले. चार तास कुलुपें फोडून त्यांनीं त्याचे खासगी कागद नेले. एंटिकनें दावा लावला. कायद्याचा आधार नसेल तर मंत्र्याचा हुकूमही व्यर्थ होय, असा निकाल लॉर्ड कॅम्डेन यांनीं १७६५ मध्यें दिला.

त्याच सुमारास अमेरिकेंतील वसाहतींत जकातीच्या अधिकाऱ्यांजवळ सर्वसाधारण परवाने असत. त्यांत ना घराचा उल्लेख, ना वस्तूचा. १७६१ मध्यें बोस्टन येथें जेम्स ओटिस या वकिलानें त्यांविरुद्ध भाषण केलें. खटला हरला, पण श्रोत्यांत जॉन ॲडम्स हा तरुण होता. तोच पुढें अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जन्म त्या सभागृहांत झाला, असें त्यानें वृद्धापकाळीं लिहून ठेविलें.

अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती १७९१ मध्यें अमलांत आली. तिचा आशय असा: लोकांचें शरीर, घर, कागदपत्रें व चीजवस्तू यांची अवाजवी झडती वा जप्ती होऊं नये. वॉरंट द्यावयाचें तर सबळ कारण पाहिजे, त्यास शपथेचा आधार पाहिजे, आणि जागेचें व वस्तूचें नेमकें वर्णन पाहिजे. येथें ‘अवाजवी’ हा शब्द ध्यानांत ठेवावा. झडतीस सर्वथा बंदी नाहीं.

परंतु पोलिसांनींच नियम मोडला तर? अशा झडतींत मिळालेला पुरावा प्रांतिक न्यायालयांतही चालणार नाहीं, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६१ मध्यें ठरविलें. यामुळें एखादा गुन्हेगार सुटेल, हा आक्षेप खोटा नाहीं. तथापि कायदा राखणाऱ्यानेंच तो मोडला, तर प्रजेनें विश्वास कोणावर ठेवावा?

आपल्या भारतीय घटनेंत असें स्वतंत्र कलम नाहीं, हें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ मध्यें नमूद केलें. मात्र २०१७ मध्यें नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

आतां त्या लेखणीकडे वळूं. ज्याच्यावर संशय घेण्यास सबळ कारण असेल, त्यासच प्रथम विचारावें. अधिकाऱ्यानें आधीं कारण सांगावें, मग हात घालावा. घरीं, शाळेंत आणि राज्यांत न्यायाची रीत एकच आहे.