चालताना पोटरी भरून येते?

आठवडी बाजाराला पायी निघालेला माणूस दोन-तीनशे पावले गेला की त्याची पोटरी भरून येते, पाय पुढे टाकवत नाही. टपरीशी दोन-चार मिनिटे उभा राहिला की दुखणे जाते. पुन्हा चालू लागला की तेवढ्याच अंतरावर पुन्हा हजर! घरचे म्हणतात ‘वात आहे’, आणि तेल, लेप, शेक यांत महिने जातात. माझ्याकडे असे रुग्ण बहुधा अंगठ्याची जखम चिघळल्यावरच येतात.

हे दुखणे सांध्याचे नसून रोहिणीचे, म्हणजे शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या नळीचे असू शकते. हृदयातून निघणारी महारोहिणी बेंबीच्या आसपास दुभंगते आणि दोन्ही पायांना रक्त पुरवते. या नळ्यांत आतून चरबीचा थर साचला की बसल्या जागी पुरणारे रक्त चालताना कमी पडते. कण्यातील नसा दबल्या तरी चालताना पाय दुखतात. पण तेथे नुसते उभे राहून भागत नाही, बसावे किंवा वाकावे लागते. एवढा फरक रुग्णाने नीट सांगितला तर निम्मे निदान तेथेच होते.

पायालाही नाडी असते. आतल्या घोट्याच्या मागे बोटे हलकेच टेकवून पाहा. ती लागली नाही तर डॉक्टरांना दाखवा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करतात, तो ०.९ पेक्षा कमी आला तर रोहिणी अरुंद झाल्याचे समजावे. मधुमेह्यांत मात्र रोहिणी कडक झाल्याने हा आकडा फसवा येतो, शिवाय पाय बधिर असल्याने दुखतही नाही. त्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत आणि गरम पाण्याचा शेक कधीही घेऊ नये.

आता तंबाखूविषयी. लिओ बर्गर यांनी १९०८ साली तरुण धूम्रपान करणाऱ्यांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या विकाराचे सविस्तर वर्णन केले. आपल्याकडील बिडी ओढणाऱ्यांत तो दिसतो. ‘डॉक्टर, दिवसाला दोनच ओढतो’ हे मला नेहमी ऐकवले जाते. या रोगाला दोनही पुरतात. तंबाखू पूर्ण सुटली तर पाय वाचण्याची आशा. नाही तर बोटे एकेक करून जातात.

पायावर जखम नसेल तर चालणे हाच उत्तम उपाय. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. अंतर खरोखर वाढते. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. रात्री पाय ठणकून खाटेखाली लोंबकळत ठेवावा लागत असेल तर रोग पुढे गेला आहे. मग कलर डॉपलर आणि शस्त्रक्रियातज्ज्ञ.

पासष्टी ओलांडलेल्या, कधीकाळी धूम्रपान केलेल्या पुरुषांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. महारोहिणी ३ सेंटिमीटर वा अधिक फुगली असेल तर तिच्यावर लक्ष ठेवतात, साडेपाचच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करतात.

आणि पाय एकाएकी दुखून थंडगार, पांढराफटक, बधिर पडला तर गुठळी अडकली असे समजा. चोळू नका, शेकू नका, उंच करू नका. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात थेट न्या. पहिले सहा तास मोलाचे असतात.