'आणीबाणी' व तिच्या जवळचे शब्द

लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते, त्या काळीं तेथील चाळींत कोंकणांतून व घाटावरून आलेले कामकरी दाटीवाटीनें राहत असत. एका खोलींत दहाबारा गडी, आणि बहुतेकांचीं बायकापोरें गांवीं. अशा चाळींत तारवाला शिरला म्हणजे गलबला थांबे, व तो कोणाचें नांव घेतो तिकडे सर्वांचे कान लागत. तारेंतील मजकूर बहुधा ठरलेला असे : 'मदर सीरियस, कम सून.' ज्यास इंग्रजीचें एक अक्षर येत नसे तोहि एवढे शब्द ओळखीत असे.

'सीरियस' ह्याचा कोशांतील अर्थ 'गंभीर' असा आहे. चाळींतील अर्थ निराळा होता. आई गेलीच असेल असें मनांत धरून मनुष्य गांठोडें बांधी. वाटेंत त्याचा धीर सुटूं नये म्हणून तार करणाऱ्यानें पुष्कळदां खरी गोष्ट झांकलेली असे. शिवाय, रजा मिळावी म्हणून अशीच तार मुद्दाम मागविणारेहि होते. मग खरोखर दुखणें असलेल्याच्या तारेकडेहि मुकादम संशयानें पाही. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशांतील तारसेवा बंद झाली, परंतु शब्द झिजण्याची ही रीत कांहीं बंद झाली नाहीं.

आतां 'आणीबाणी' हा शब्द पाहूं. 'अणी' म्हणजे टोंक. 'ऐन अणीच्या वेळीं' असें आपण म्हणतों तें ह्याच अर्थानें. गोष्ट टोंकास आली, आतां इकडे किंवा तिकडे, असा जो प्रसंग तो आणीबाणीचा. राज्यघटनेच्या मराठी भाषांतरांत ३५२ व्या कलमासाठीं हाच शब्द घेतला आहे. त्या कलमाखालीं १९६२ व १९७१ सालीं युद्धामुळें, आणि २५ जून १९७५ रोजीं अंतर्गत अशांततेचें कारण देऊन आणीबाणी जाहीर झाली. ह्या तिसऱ्या वेळीं वृत्तपत्रांवर नियंत्रण आलें व हजारों माणसें चौकशीवांचून तुरुंगांत गेलीं. मार्च १९७७ मध्यें ती उठली. परंतु तेव्हांपासून 'आणीबाणी' म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत तींच वर्षें उभीं राहतात.

म्हणून घरगुती प्रसंगीं लोक दुसरे शब्द घेतात, व तें योग्यच आहे. पैशाची किंवा वस्तूची नड अंगाशीं आली तर 'निकड'. काम लौकर झालें पाहिजे, मग त्यांत भय असो वा नसो, तर 'तातडी'. एस.टी.च्या गाडींत 'संकटकाळीं बाहेर पडण्याचा मार्ग' असें लिहिलेलें असतें, रुग्णालयाच्या दारावर 'आपत्कालीन विभाग'. बोलण्यांत 'जिवावर बेतलें आहे' ह्यासारखें दुसरें सांगणें नाहीं. 'अर्जंट' हा शब्द खेड्यापाड्यांतहि रुळला आहे. मला तो मुळींच खटकत नाहीं, मात्र चहाच्या निरोपासहि तो लावूं लागलों तर त्याची गत 'सीरियस'सारखी होईल.

६ डिसेंबर २०२० रोजीं लालबागच्या गणेश गल्लींतील एका इमारतींत गॅस गळून स्फोट झाला, व बरेच जण होरपळले. तेथून परळचें के.ई.एम. रुग्णालय जवळ आहे. आपल्या वाडीपासून रुग्णालय कदाचित् दोन तासांच्या वाटेवर असेल. तेथें निरोपांतील प्रत्येक शब्दास किंमत आहे. बहुधा उपदेशकाच्याच हातीं शेजारी फोन देतात. १०८ किंवा ११२ ह्या क्रमांकावर 'आमच्याकडे फार आणीबाणी आहे, लौकर या' असें सांगितल्यानें पलीकडच्या मनुष्यास कांहींच कळत नाहीं, व त्याचे प्रश्न संपेपर्यंत वेळ जातो. त्यापेक्षां असें म्हणावें : 'बाई बाळंत झाली आहे, रक्त थांबत नाहीं. गांव अमुक, तालुका अमुक. गाडी शाळेपर्यंतच येते. तेथें आमचा मनुष्य कंदील घेऊन उभा आहे.'