काजू, मिरी आणि कण्हेर

(इयत्ता चौथी व पाचवीसाठी परिसर अभ्यासाचा एक पाठ)

प्रास्ताविक

कोकणातील प्राथमिक शाळेत येणारे मूल पाठ्यपुस्तक उघडण्यापूर्वीच अनेक झाडांच्या सहवासात वाढलेले असते. घरामागच्या भरडावर काजू, पोफळीच्या खोडावर चढलेला मिरीचा वेल आणि देवळाच्या वाटेवर बारमाही फुललेली कण्हेर ही तीन झाडे त्याच्या रोजच्या पाहण्यातील असतात. पहिले झाड गरासाठी, दुसरे मसाल्यासाठी आणि तिसरे शोभेसाठी लावले जाते. परंतु पाहणे निराळे आणि ओळखणे निराळे. झाडाचे नाव, त्याचा उपयोगाचा भाग, तो भाग कोणत्या अवस्थेत वापरावा आणि कोणत्या भागापासून दूर राहावे, या चार गोष्टी कळल्या म्हणजेच झाड ओळखले असे म्हणता येते.

लहान मुले नवी वस्तू चाखून पाहतात. ही त्यांची शिकण्याची स्वाभाविक रीत आहे. वनस्पतींच्या बाबतीत मात्र ती रीत धोक्याची ठरते. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्यामुळे शाळकरी मुलांना वांत्या होऊन दवाखान्यात न्यावे लागल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. म्हणून ‘चव ही परीक्षा नव्हे’ हे एक वाक्य मुलांच्या मनावर कायमचे ठसावे, हाच प्रस्तुत पाठाचा मुख्य हेतू होय.

पाठाची वेळ व साहित्य

हा पाठ फेब्रुवारी अथवा मार्च महिन्यात घ्यावा. त्या सुमारास काजूची बी झाडाखाली पडू लागते, मिरी उन्हात वाळत असते आणि कण्हेरीला फुले असतात. साहित्य म्हणून बोंडूसह काजूची बी, सोललेला काजूगर, मिरीचा हिरवा घोस, वाळलेली काळी मिरी, मिरीच्या वेलाचा पेरांसह तुकडा आणि जास्वंदीची फांदी शिक्षकांनी जमवावी. कण्हेर वर्गात आणू नये. ती झाडावरच, अंतर राखून दाखवावी. काजूची बी मुलांच्या हाती फोडण्यास देऊ नये.

पहिला भाग : काजू

पाठाचा आरंभ प्रश्नोत्तरांनी करावा.

शिक्षक : ही बी कोणत्या झाडाची?
विद्यार्थी : काजूची, गुरुजी.
शिक्षक : आंब्याची बाठ कोठे असते?
विद्यार्थी : आंब्याच्या आत.
शिक्षक : आणि काजूची बी?
विद्यार्थी : ती बोंडूच्या बाहेर, खाली लोंबते.
शिक्षक : असे का बरे असेल?

येथे मुलांना थोडा विचार करू द्यावा. नंतर सांगावे की, आपण ज्याला बोंडू म्हणतो तो वस्तुतः फुगलेला देठ आहे. खरे फळ म्हणजे खाली लोंबणारी, मूत्रपिंडाच्या आकाराची बी. तिच्या कठीण टरफलाच्या आत जो गर असतो तोच आपण खातो. लहान असताना बी प्रथम वाढते व देठ मागाहून फुगतो, हे मुलांना झाडावर प्रत्यक्ष दाखविता येते.

काजू मूळचा या देशातला नव्हे. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील हे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आणले आणि तेथून ते कोकणपट्टीत पसरले. काजू हे नावही तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या मार्गाने आपल्याकडे आले. आज तेच झाड कोकणातील जांभ्या जमिनीवरच्या कुटुंबांचा मोठा आधार झाले आहे. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र १९५७ साली सुरू झाले. पुढे १९७२ साली दापोली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे केंद्र त्याच्या कक्षेत आले. वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या जातींची नावे मुलांनी घरी ऐकलेली असतात. त्या याच केंद्राच्या आहेत.

आता पाठाच्या मुख्य मुद्द्याकडे वळावे. काजूगर गोड व पौष्टिक आहे. परंतु त्याच्या भोवतालच्या टरफलात एक दाहक तेल असते. ते कातडीला लागले तर कातडी काळी पडते, फोड येतात व सालपटे निघतात. बी दातांनी फोडणाऱ्या मुलाचे ओठ व तोंड भाजते. ओल्या काजूगराच्या उसळीसाठी हिरव्या बिया चिरणाऱ्या स्त्रियांचे हात या दिवसांत पाहावेत. त्यांच्या बोटांवरचे काळे डाग हे याच तेलाचे. म्हणून जाणत्या स्त्रिया हातांना आधी खोबरेल तेल किंवा राख लावून मगच विळीवर बसतात. बी भाजताना निघणारा धूरही डोळ्यांना व कातडीला झोंबतो. याकरिता भाजणे उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून, मोठ्या माणसांनीच करावे.

हेच दाहक तेल कारखान्यात मात्र उपयोगी पडते. रंग, रोगण व वाहनांच्या ब्रेकचे अस्तर यांत ते वापरतात. काजू, आंबा व बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. आंब्याचा चीक तोंडाला लागला की फोड येतात आणि बिब्ब्याचे तेल उततें हे मुलांना ठाऊक असते. त्या अनुभवाशी काजूच्या तेलाचा संबंध जोडून द्यावा. एकाच फळात गोड गर आणि जाळणारे टरफल शेजारी शेजारी असते, हे मुलांच्या तोंडून वदवून घ्यावे.

दुसरा भाग : मिरी

प्रत्येक मुलाच्या हातावर काळ्या मिरीचा एकेक दाणा ठेवावा आणि शेजारी हिरवा घोस दाखवावा. हे दोन्ही एकाच वेलाचे आहेत असे सांगितल्यावर मुलांना नवल वाटते. घोसातील एखाददुसरा दाणा लालसर झाला म्हणजे घोस काढणीस आला असे समजतात. काढलेले दाणे मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात वाळविले की त्यांची साल सुरकुतते व रंग काळा होतो. सुमारे तीन किलो हिरव्या दाण्यांपासून एक किलो काळी मिरी मिळते, हे गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल. पूर्ण पिकलेले दाणे पाण्यात भिजवून त्यांची साल काढून टाकली म्हणजे पांढरी मिरी होते. पांढऱ्या मिरीचा वेल वेगळा नसतो.

मिरी हा भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा स्वतःचा मसाला आहे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला तो मसाल्याच्या व्यापाराच्या ओढीने, आणि त्या व्यापारात मिरीचे स्थान मोठे होते. मिरची त्यानंतर अमेरिकेतून आली. तोपर्यंत आपल्या स्वयंपाकातील तिखटपणा मुख्यतः मिरी, पिंपळी व आले यांचाच होता.

या वेलाची लागवड शाळेच्या बागेत मुलांना स्वतः करता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेलाच्या बुंध्याशी जमिनीवर सरपटणारे फुटवे घ्यावेत. त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून ते माती व शेणखत भरलेल्या पिशव्यांत लावावेत. निदान एक पेर मातीत राहील अशी काळजी घ्यावी. पिशव्या सावलीत ठेवून त्यांना बेताचे पाणी द्यावे. पावसाळ्याच्या आरंभी ही रोपे नारळ, पोफळ किंवा पांगाऱ्याच्या खोडापासून सुमारे एक फूट अंतरावर लावावीत. पेरांपासून निघणाऱ्या मुळ्यांनी वेल आधाराला कसा घट्ट धरतो याचे मुलांनी दर आठवड्यास निरीक्षण करावे. मुळाशी पाणी साचू देऊ नये, साचल्यास मूळ कुजते. चांगली निगा राखल्यास तिसऱ्या-चौथ्या वर्षी घोस धरू लागतात. चौथीतील मुलाने लावलेल्या वेलाची पहिली मिरी ते सातवीत असताना हाती येईल. हा हिशोबही मुलांना सांगावा, म्हणजे राखण करण्यात त्यांचे मन गुंतेल.

मिरीचा दाणा चावल्यास जीभ भाजल्यासारखी होते, परंतु अपाय होत नाही. हा मुद्दा येथे मुद्दाम नोंदवून ठेवावा. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

तिसरा भाग : कण्हेर आणि तिच्या जोडीची झाडे

कण्हेर लाल, गुलाबी व पांढऱ्या फुलांची असते. थोड्या पाण्यावर ती तग धरते, गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि फुले देवपूजेस चालतात. यामुळे बागेत, देवळापाशी व महामार्गाच्या दुभाजकावर ती लावली जाते. पण तिचे मूळ, साल, पान, फूल व चीक हे सर्व भाग विषारी आहेत. तिच्या काडीने दात कोरणे किंवा तिचा पाला जाळून शेकणे हेही घातक होय. पिवळ्या फुलांची बिट्टी हे वेगळे झाड आहे. तिच्या हिरव्या, कोनदार फळातील कठीण बिया मुले खेळण्यासाठी गोळा करतात. त्या बियांचे विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते व प्राणावर बेतू शकते.

मोगली एरंड शेताच्या कुंपणाला सर्वत्र आढळतो. त्याच्या फळात बहुधा तीन काळसर बिया असतात आणि फोडल्यावर आत पांढरा गर निघतो. तो गर भुईमुगासारखा गोडसर लागतो, आणि येथेच मुले फसतात. काही वेळाने पोटात कळा येतात, वांत्या व जुलाब सुरू होतात आणि मूल गळून जाते.

आता शिक्षकांनी फळ्यावर दोन ओळी लिहाव्यात :

मिरी — जिभेला झोंबते, तरी खाण्याजोगी.
मोगली एरंडाची बी — जिभेला गोड, तरी विषारी.

या दोन ओळींवरून निष्कर्ष मुलांनीच काढावा. तो असा की, जिभेला काय आवडते यावरून झाड खाण्याचे की न खाण्याचे हे ठरत नाही. ते नाव विचारून आणि जाणत्या माणसाकडून समजून घेऊनच ठरते.

शाळेच्या आवारासाठी सूचना

१. शाळेच्या कुंपणास बिट्टी, कण्हेर किंवा मोगली एरंड लावू नये. शोभेसाठी जास्वंद, मोगरा, अबोली व झेंडू पुरेसे आहेत.

२. अशी झाडे आवारात आधीपासून असल्यास शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय मांडून ती मोठ्या माणसांकडून मुळासकट काढावीत. काढलेला पाला जाळू नये, खोल खड्ड्यात पुरावा.

३. काजूचे झाड लावावयाचे असल्यास जूनमध्ये दोन फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात कलम लावावे. दोन कलमांत सात ते आठ मीटर अंतर ठेवावे. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील असे पाहावे व सांध्याखालील फूट वेळोवेळी काढून टाकावी.

४. प्रत्येक झाडाजवळ नावाची पाटी लावावी. पाटीवर ‘खाण्याचा भाग’ आणि ‘न खाण्याचा भाग’ अशा दोन ओळी असाव्यात. पाट्या मुलांनीच रंगवाव्यात.

अपघात घडल्यास

मुलाने अनोळखी बी, फळ वा पान खाल्ल्याचे कळताच तोंडातील उरलेला भाग काढून चूळ भरावयास लावावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून वांती करवू नये. मुलास काहीही न त्रासता तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खाल्लेल्या झाडाची फांदी, पान किंवा बी सोबत अवश्य न्यावी, म्हणजे उपचार करणाऱ्यास विष ओळखता येते. बरोबरच्या मुलांनीही ते खाल्ले आहे काय याची चौकशी करावी. ती करताना रागावू नये, कारण शिक्षेच्या भीतीने मूल खरे सांगत नाही आणि मोलाचा वेळ जातो. काजूचे तेल कातडीस लागल्यास साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास बराच वेळ स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन दवाखान्यात न्यावे.

उजळणीचे प्रश्न

१. बोंडू हे काजूचे खरे फळ का नव्हे?
२. काळी मिरी व पांढरी मिरी यांत फरक कशामुळे होतो?
३. काजूची बी दातांनी का फोडू नये?
४. ‘गोड लागते म्हणून ते खाण्याचे’ हे म्हणणे चूक कसे, ते एका उदाहरणाने सांगा.
५. सोबतच्या मित्राने कुंपणाची बी खाल्ली तर तुम्ही प्रथम काय कराल?

स्वाध्याय

प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या परसातील व शाळेच्या वाटेवरील दहा झाडांची यादी आजी-आजोबांच्या मदतीने करावी. नाव, उपयोगाचा भाग, महिना आणि सावधगिरी असे चार रकाने आखावेत. घरी एकाच झाडाला निराळे नाव असेल तर तेही लिहावे. या याद्या एकत्र करून वर्गाची एक वही तयार करावी व ती पुढील वर्षीच्या वर्गाकडे सोपवावी.

समारोप

हा पाठ मुलांना झाडांची भीती घालण्यासाठी नाही. कण्हेर सुंदरच आहे आणि ती दुरून पाहण्यास कोणाची आडकाठी नाही. काजूचे टरफल जाळते म्हणून कोणी काजू लावणे सोडलेले नाही. ज्ञानाने हाताळले तर तेच झाड घर चालविते, अज्ञानाने हाताळले तर हात पोळतो. ज्या दिवशी वर्गातील एखादे मूल दुसऱ्याच्या हातातील बी पाहून ‘थांब, आधी गुरुजींना विचारू’ असे म्हणेल, त्या दिवशी हा पाठ पूर्ण झाला असे शिक्षकांनी समजावे.