ओझ्याची मर्यादा

दिवाळी सरली, की कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील रस्त्यांवरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या साखर कारखान्यांकडे जाऊ लागतात. वाहतुकीचा मोबदला टनांच्या हिशेबाने मिळतो. त्यामुळे आणखी चार मोळ्या चढवण्याचा मोह होतो. “ट्रॅक्टर ओढतो आहे ना, मग भरा!” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु मुलांनो, वाहन किती ओझे ओढते, एवढ्यावरून त्याची मर्यादा ठरत नाही. त्या ओझ्यासह ते वेळेवर थांबले पाहिजे आणि नीट वळलेही पाहिजे.

प्रथम थांबण्याचा विचार करू. वेग तोच ठेवून वजन दुप्पट केले, तर चालत्या वाहनाची ऊर्जाही दुप्पट होते. ती ऊर्जा शमविण्याचे काम ब्रेकला करावे लागते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मग सारी जबाबदारी ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते. उतारावर तर जड ट्रॉली ट्रॅक्टरलाच पुढे ढकलू लागते.

आता तोल पाहू. बैलगाडी भरणारा शेतकरी हे शास्त्र पूर्वापार जाणतो. ओझे पुढे जास्त झाले, तर गाडी धुरजड होते व जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे जास्त झाले, तर गाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते. दोन चाकांच्या ट्रॉलीचेही असेच आहे. तिचे पुढचे टोक ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले असते. ट्रॉली धुरजड झाली, की या जोडावर भार येऊन ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. वाहनाला दिशा देणारी चाके हीच! त्यांची जमिनीवरील पकड सुटली, तर स्टीअरिंग कितीही फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. ट्रॉली उलाळ झाली, तर मागच्या मोठ्या चाकांवरील भार घटतो व ती घसरू लागतात.

मग किती भरावे? ट्रॉलीच्या नोंदणी प्रमाणपत्रात तिचे रिकामे वजन आणि भरल्यानंतरचे कमाल वजन दिलेले असते. समजा, रिकामे वजन २ टन व कमाल वजन ८ टन आहे; तर ऊस ६ टनच भरता येईल. ट्रॅक्टरची ओढण्याची मर्यादा याहून कमी असेल, तर तीच पाळावी लागते.

नोंदलेल्या वजनाहून जास्त भरण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये असा दंड ठरविला. दंडाची रक्कम पुन्हा मिळवता येते. पण उतारावर न थांबलेल्या ट्रॉलीखाली सापडलेला माणूस परत येत नाही. म्हणून शेवटची मोळी उचलण्यापूर्वी कागदावरील आकडा आठवणे, हेच शहाणपण होय.

स्वाध्याय

१. ‘धुरजड’ आणि ‘उलाळ’ या शब्दांचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यात उपयोग करा.
२. ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी झाल्यास कोणता धोका संभवतो?
३. वरील उदाहरणातील ट्रॉलीत ९ टन ऊस भरला, तर कायद्याप्रमाणे एकूण किती दंड होईल?